चिपचा सातबारा

वायफायची चिप स्वतःबद्दल फार थोडं सांगते. तिला नीट वीज मिळाली, क्लॉक मिळाला आणि मग कुणी विचारलं, तर ती आपली कंपनी आणि मॉडेल सांगते, आपल्याला कुठले चॅनेल जमतात तेही सांगते. पण वीज कुठल्या रेग्युलेटरमधून येते, तिला जागं करायला कुठली पिन वर करायची, पुढे बसवलेला ॲम्प्लिफायर वारंवारितेच्या कुठल्या पट्ट्यासाठी आहे, कारखान्यातल्या तपासणीत निघालेले कॅलिब्रेशनचे आकडे फ्लॅश मेमरीत कुठे ठेवलेत, यातलं बहुतेक काही तिला ठाऊक नसतं. या गोष्टी बोर्ड आखणारा ठरवतो आणि त्या बोर्डागणिक बदलतात. एकच चिप दहा राउटरांत दहा तऱ्हांनी बसवलेली असू शकते. ऑपरेटिंग सिस्टिमला ती चालवायची तर ही माहिती कुणातरी माणसानं लिहून द्यावी लागते. लिनक्समध्ये ही माहिती ज्या फाइलीत असते तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. त्या फाइलीत काय लिहायचं, कुठल्या नावानं आणि कुठल्या एककात लिहायचं, हे ठरवणाऱ्या दस्तऐवजाला बाइंडिंग म्हणतात.

या दोन शब्दांतला फरक समजायला आपल्याकडचा सातबारा उपयोगी पडतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे मुळात कोरे तक्ते आहेत. गट क्रमांक कुठे लिहायचा, क्षेत्र कशात मोजायचं, पिकाखालच्या क्षेत्राचा रकाना कोणता, हे त्या नमुन्यांनी ठरवून दिलंय. एखाद्या शेताचा भरलेला उतारा ही वेगळी गोष्ट. डिव्हाइस ट्री हा एका बोर्डाचा भरलेला उतारा आहे आणि बाइंडिंग हा त्यामागचा नमुना. उतारा चुकला तर एका शेताचं नुकसान होतं. नमुनाच चुकीचा आखला तर त्यावरून काढलेला प्रत्येक उतारा पिढ्यान्‌पिढ्या अडचणीत येतो. म्हणूनच वायफाय चिपची बाइंडिंग तिच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, कोडपेक्षा जास्त काळजीनं लिहिली गेली पाहिजे असं मला ठामपणे वाटतं, आणि ती काळजी म्हणजे मुख्यतः एकच पथ्य: नमुन्यात वस्तूचं वर्णन यावं, आजच्या प्रोग्रामची सोय येऊ नये. हे पथ्य ऐकायला सोपं आहे, पाळायला फार अवघड.

वस्तूचं वर्णन कोडबाहेर ठेवायचा विचार लिनक्सच्या आधीचा आहे. सन कंपनीच्या यंत्रांत सुरू झालेली ओपन फर्मवेअरची पद्धत १९९४ मध्ये आयईईई १२७५ या क्रमांकानं प्रमाण म्हणून मान्य झाली. ॲपल आणि आयबीएमच्या पॉवरपीसी यंत्रांनी ती उचलली आणि तिथून ती लिनक्समध्ये आली. एआरएम प्रोसेसरांचं जग मात्र बरीच वर्षं तिच्यापासून दूर राहिलं. तिथे प्रत्येक बोर्डासाठी कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, सी भाषेत एक स्वतंत्र फाइल लिहीत. कुठली चिप कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पिनेला काय जोडलंय, हे सगळं त्या कोडमध्येच. मोबाइल फोन आणि राउटर वाढले तशा या फाइली वाढत गेल्या, एकमेकींच्या नकला होत गेल्या, आणि एक बोर्ड दुरुस्त करताना दुसरा बिघडू लागला. २०११ च्या मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीरपणे आणि अतिशय कडक भाषेत संताप व्यक्त केला. पुढच्या काही वर्षांत एआरएमची बहुतेक बोर्ड-वर्णनं कोडमधून काढून डिव्हाइस ट्रीत नेली गेली. हा बदल नीटनेटकेपणाच्या हौसेतून आलेला नव्हता. वर्णन आणि कोड एकत्र ठेवल्याची किंमत किती मोठी होते, हे तोवर सगळ्यांना समोर दिसत होतं.

आता एक छोटी नोंद जवळून पाहू. कर्नेलमध्ये सगळ्या वायफाय उपकरणांना लागू असलेली एक सामाईक बाइंडिंग आहे आणि तिच्यात ‘आयईईई८०२११-फ्रीक-लिमिट’ नावाचा एक रकाना आहे. तो २०१७ मध्ये आला. त्यात वारंवारितांच्या जोड्या लिहायच्या, किलोहर्ट्झमध्ये: ५१७०००० ते ५३५००००, असं. गरज कशामुळे पडली ते पाहण्यासारखं आहे. बाजारात तीन रेडिओंचे राउटर आले. एक रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, दोन ५ गिगाहर्ट्झचे. या दोन रेडिओंच्या चिपा तंतोतंत सारख्या. एक पट्ट्याचा खालचा भाग सांभाळणार, दुसरा वरचा. फरक चिपांच्या बाहेर, त्यांच्यापुढे बसवलेल्या ॲम्प्लिफायर, फिल्टर आणि अँटेनांमध्ये. ड्रायव्हरनं विचारलं तर दोन्ही चिपा एकच उत्तर देतात, मला पूर्ण पट्टा जमतो. त्यांच्या परीनं ते खरंही आहे. पण खालच्या भागासाठी बसवलेल्या रेडिओवर कुणी १४९ क्रमांकाचा चॅनेल निवडला, तर सिग्नल त्या फिल्टरमध्येच अडकतो. सेटिंगच्या पानावर सगळं सुरळीत दिसतं आणि शेजारच्या खोलीत फोन जोडला जात नाही. चिप खोटं बोललेली नसते, ड्रायव्हरमध्ये दोष नसतो. बोर्डाबद्दलचं एक सत्य कुठेच लिहिलेलं नसतं, एवढंच.

ही नोंद लिहिणाऱ्यांसमोर सोपी वाट होती. ज्या कंपनीच्या चिपेत हा प्रश्न दिसला तिच्याच ड्रायव्हरसाठी ‘दुसरा रेडिओ: हो किंवा नाही’ अशा धाटणीचा रकाना घालता आला असता. तसं केलं असतं तर पुढच्या कंपनीनं आपला वेगळा रकाना काढला असता, त्याच्या पुढच्या कंपनीनं आणखी एक. त्याऐवजी मूळ भौतिक गोष्ट लिहिली गेली: या बसवणुकीत हा रेडिओ या वारंवारितांपुरताच चालतो. रकान्याच्या व्याख्येत कुठल्याही ड्रायव्हरचं नाव नाही, लिनक्सचंही नाही. म्हणूनच तो पुढे इतर कंपन्यांच्या चिपांनाही जसाच्या तसा चालला.

इथेच आणखी एक मोह होतो. वारंवारितांच्या मर्यादा लिहायला जागा मिळालीच आहे, तर एखाद्या देशात कायद्यानं बंद असलेले चॅनेलही इथेच बंद करून टाकू. हे करू नये, आणि का करू नये याचा दाखला आपल्या देशात आहे. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. ज्या वारंवारितांवर आदल्या दिवशी बंधनं होती त्या दुसऱ्या दिवशी खुल्या झाल्या. राउटरांतला एकही फिल्टर त्यामुळे बदलला नाही. कायदा सरकार बदलतं, फिल्टर कारखान्यात एकदाच बसतो. म्हणून लिनक्समध्ये देशोदेशीच्या नियमांची एक वेगळी यादी आहे, भारताची नोंद तिच्यात आहे, आणि नियम बदलला की तेवढी नोंद दुरुस्त करायची असते. कायदा आणि फिल्टर हे दोन्ही एकाच रकान्यात कालवले असते, तर अशा प्रत्येक अधिसूचनेनंतर प्रत्येक बोर्डाचा उतारा नव्यानं काढावा लागला असता, आणि त्यातले बहुतेक बोर्ड तोवर कंपनीनं वाऱ्यावर सोडलेले असतात.

नमुना बदलायला इतका अवघड का, हेही सांगायला हवं. डिव्हाइस ट्रीचं यंत्राला वाचता येईल अशा रूपात भाषांतर करून ती बऱ्याचदा उपकरणाच्या बूटलोडरबरोबर फ्लॅशमध्ये बसते आणि तिथेच राहते. कर्नेल वर्षातून अनेकदा बदलतो. तेव्हा २०१८ मध्ये लिहिलेला उतारा आजच्या कर्नेलला वाचता यायला हवा, हा कर्नेलच्या कामकाजातला लेखी नियम आहे. शिवाय वाचणारा लिनक्स एकटा नसतो. फ्रीबीएसडी आणि यू-बूटसारखे प्रकल्प हीच वर्णनं वापरतात, आणि त्यांना ती अडचणीविना घेता यावीत म्हणून नव्या बाइंडिंगला जीपीएलबरोबर बीएसडीचाही परवाना द्या असा आग्रह धरला जातो. एवढी खबरदारी घेऊनही चूक होते. मीडियाटेकच्या वायफाय चिपांसाठी एक रकाना होता, ‘मीडियाटेक,एमटीडी-ईप्रॉम’. कॅलिब्रेशनचे आकडे फ्लॅशच्या कुठल्या विभागात, किती अंतरावर आहेत, ते त्यात लिहायचं. पण एमटीडी हे लिनक्सच्या फ्लॅश हाताळणाऱ्या व्यवस्थेचं नाव आहे. आकडे फ्लॅशऐवजी दुसऱ्या प्रकारच्या मेमरीत ठेवलेला बोर्ड आला की रकाना अपुरा पडणारच. पुढे ‘मेमरीतला अमुक कप्पा’ एवढंच सांगणारा सर्वसाधारण मार्ग आला आणि जुन्या रकान्यावर कालबाह्य अशी खूण केली गेली. खूण केली, खोडला नाही. जुने उतारे त्याच नावानं लिहिलेले आहेत, आणि ड्रायव्हरला ते वाचत राहावं लागतं. फेरफाराची नोंद घालता येते, जुनी नोंद फाडता येत नाही.

बरीच वर्षं हे नमुने साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले असत. माणूस वाचे आणि अंदाजानं भरे. यातला सर्वांत घातक भाग असा की डिव्हाइस ट्रीत रकान्याचं नाव एका अक्षरानं चुकलं तर कुणीच ओरडत नाही. ड्रायव्हर योग्य नावाचा रकाना शोधतो, तो सापडत नाही, म्हणजे मर्यादाच नाही असं समजून पुढे जातो. वरच्या वारंवारितेच्या रकान्यात ‘लिमिट’ऐवजी ‘लिमिट्स’ लिहिलं, तरी राउटर चालू होईल आणि दोष फक्त शेजारच्या खोलीतल्या फोनला कळेल. २०१८-१९ पासून, कर्नेलमधली डिव्हाइस ट्री सांभाळणारे रॉब हेरिंग यांच्या पुढाकारानं हे नमुने यंत्राला तपासता येतील अशा यामल स्वरूपात आणायला सुरुवात झाली. आता बाइंडिंगमध्ये कुठले रकाने चालतील, किती आकडे हवेत, कुठला रकाना सक्तीचा, हे काटेकोर लिहितात, आणि शेवटी ‘यापलीकडे काही चालणार नाही’ असंही लिहितात. नमुन्यात दिलेलं उदाहरणही तपासलं जातं, आणि कर्नेलमधले उतारे या नमुन्यांशी ताडून पाहता येतात. क्वालकॉमच्या आयपीक्यू८०७४ या राउटर-चिपेची नोंद पाहिली की याची गरज पटते. तिच्यातल्या वायफाय भागाकडून प्रोसेसरला हाक मारायच्या इंटरप्टच्या ओळी पन्नासहून अधिक आहेत. प्रत्येकीचं नाव आणि क्रम ठरलेला, कुठली पाठवण्याच्या रांगेची, कुठली पावतीची, कुठली बिघाडाची. इतक्या ओळी हातानं उतरवताना दोन नावांची अदलाबदल होणं अगदी साहजिक आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी ती सापडणं तितकंच कठीण.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की ड्रायव्हरचा कोड उघडा असताना वेगळा दस्तऐवज कशाला. ज्याला जाणायचंय तो कोड वाचेल. कोडमधून कळतं ते प्रोग्राम काय करतो हे. वस्तू कशी आहे ते त्यातून उलट्या वाटेनं काढावं लागतं, आणि ही वाट किती दमवते हे ब्रॉडकॉमच्या जुन्या वायफाय चिपांच्या इतिहासात दिसतं. या चिपा लॅपटॉपांत आणि राउटरांत सर्रास होत्या, पण लिनक्ससाठी त्यांची कागदपत्रं खुली नव्हती. स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटानं कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते याचं तपशीलवार वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटानं तो ड्रायव्हर डोळ्यांनीही न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. तो २००६ मध्ये कर्नेलच्या २.६.१७ आवृत्तीत आला. कंपनीनं नव्या चिपांसाठी स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये. मधल्या काळात त्या चिपा चालल्या त्या मुख्यतः या लेखी वर्णनाच्या बळावर. कोड आणि वर्णन ही दोन वेगळी कामं आहेत, दुसरं झाल्यावर पहिलं कुणीही करू शकतं, हे या लोकांनी करून दाखवलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या वायफाय चिपेच्या आत कंपनीचं बंद फर्मवेअर चालतं. खरे निर्णय तेच घेतं. बाहेरच्या तारांचं वर्णन कितीही चोख केलं, तरी आतली कोठडी बंदच. हे खरं आहे, आणि खुलेपणाच्या नावाखाली ते झाकू नये. पण याचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. आतलं दार बंद असताना बाहेरचं वर्णन तरी पूर्ण असणं जास्त निकडीचं ठरतं, कारण उपकरण दुरुस्त करणाऱ्याच्या हातात तेवढंच उरतं. कंपनीच्या बाजूनंही पाहा. वीज कुठून, क्लॉक कुठला, राखीव मेमरी किती, यात व्यापारी गुपित जवळपास नसतं. फर्मवेअर उघडायला नकार देणारी कंपनी एवढं लिहून द्यायला तयार होते, आणि त्यावरच कंपनीनं अद्ययावत करणं थांबवलेल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीसारखी खुली सिस्टिम उभी राहते.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांकडून येतो. पीसीआय एक्स्प्रेससारख्या बसवर जोडलेली चिप स्वतःची ओळख स्वतःच देते, मग तिला उताऱ्याची काय गरज? ओळख द्यायला ती आधी जागी तर हवी. क्वालकॉमच्या क्यूसीए६३९० सारख्या जोडचिपेत वायफाय आणि ब्लूटूथ एकाच आवरणात असतात. वायफाय पीसीआय एक्स्प्रेसवर, ब्लूटूथ वेगळ्या सिरियल तारांवर. दोघांची वीज मात्र आतल्या एकाच वीज-विभागातून येते. तो चालू केल्याशिवाय वायफाय बसवर दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याचा ड्रायव्हर चालू होत नाही, म्हणजे वीज द्यायलाही कुणी नाही. बऱ्याच बोर्डांवर यातून तात्पुरती पळवाट काढलेली होती: उताऱ्यातच ‘ही वीज कायम चालू’ असं लिहून टाकायचं. हे बोर्डाचं वर्णन नव्हतं, ड्रायव्हरची अडचण उताऱ्यात लपवलेली होती. नीट वर्णन कसं करावं यावर बराच काळ खल झाला. अखेरीस आतला वीज-विभाग हीच एक स्वतंत्र वस्तू मानायची, तिच्यात बाहेरून काय येतं आणि तिच्यातून वायफायला, ब्लूटूथला काय जातं ते लिहायचं, असं ठरलं. आणि क्रमानं वीज देणारी सामाईक व्यवस्था २०२४ मध्ये कर्नेलच्या ६.११ आवृत्तीत आली. आधी वस्तू ओळखली गेली, मग तिच्याभोवती कोड बसला. उशीर झाला हे मान्य. पण कायम-चालूची पळवाट नमुन्यातच शिरली असती, तर बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणानं तिची किंमत मोजली असती.

उरतो तो त्रासाचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. बाइंडिंग मान्य करून घेणं दमवणारं काम आहे. कर्नेलभरच्या सगळ्या प्रकारच्या उपकरणांचे नमुने तपासणारे मुख्य लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वायफाय हा त्यांच्या पुढ्यातला एक लहानसा कोपरा. दहा ओळींच्या नोंदीच्या चार-पाच आवृत्त्या पाठवाव्या लागतात, नावातल्या एका शब्दावरून आठवडे जातात. छोट्या कंपनीतला अभियंता कंटाळून आपला पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, स्वतःजवळच ठेवतो, आणि मग ती माहिती त्याच्याबरोबरच निघून जाते. ही हानी मोजता येत नाही म्हणून ती लहान होत नाही. मात्र यावर उपाय म्हणून तपासणी सैल करा असं म्हणणं मला पटत नाही, कारण सैल तपासणीतून आत आलेला चुकीचा रकाना पुढे कुणालाच काढता येत नाही, हे वर दिसलंच. जे यंत्राला तपासता येतं ते माणसाकडून तपासून घेऊ नये. पाठवणाऱ्यानं ती तपासणी आपल्या संगणकावर आधीच चालवावी. आणि तपासणाऱ्यांचा वेळ फक्त एका प्रश्नासाठी राखून ठेवावा, हे वर्णन वस्तूचं आहे का. यामल स्वरूप आल्यापासून गोष्टी याच दिशेनं चालल्या आहेत.

एक दुखरी जागा त्यानंही बुजलेली नाही. प्रत्येक बाइंडिंगच्या वरच्या भागात सांभाळणाऱ्याचं नाव आणि ईमेल पत्ता लिहिणं सक्तीचं आहे. या चिपेबद्दल शंका आली तर कुणाला विचारायचं, याची ती ओळ. वायफाय चिपांच्या बाबतीत हे पत्ते बऱ्याचदा चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात. माणूस नोकरी बदलतो, कंपनी विकली जाते, विभाग बंद होतो, आणि पत्रं परत येऊ लागतात. त्या चिपेवर चालणारे राउटर मात्र तेव्हाही घराघरांत चालू असतात. पत्ता बदलायला एका ओळीचा पॅच पुरतो, आणि तो कुणीही पाठवू शकतं. ज्याच्याकडे तो बोर्ड आहे आणि त्याच्या तारा कुठे जातात हे ज्याला माहीत आहे, अशा कुणीही तिथे आपलं नाव लिहावं.